कसबे बावड्याहून कोयनेच्या खोऱ्यांत

कोल्हापूर शहराच्या उत्तर अंगास नव्या राजवाड्यावरून जाणारा रस्ता धरला म्हणजे थोड्याच वेळांत कसबा बावडा लागतो. हें गांव आतां महानगरपालिकेच्या पोटांत गेलें आहे, तरी त्याचा गांवपणा सर्वस्वीं मावळलेला नाहीं. राजर्षि शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजीं येथील लक्ष्मीविलास राजवाड्यांत झाला, ही गोष्ट बावडेकर पाहुण्यास पहिल्या पांच मिनिटांत सांगतात. पुढच्या पांच मिनिटांत येथील मिसळीच्या तिखटाचा विषय निघतो. पहिल्या गोष्टीचा अभिमान आम्हांसहि आहे. दुसरीविषयीं आमच्या घरांत दोन पक्ष आहेत. सभोंवार ऊंस, ऊंसामागें राजाराम साखर कारखान्याचें धुराडें, आणि या सर्वांच्या कडेनें वळण घेत जाणारी पंचगंगा.

बावड्याची खरी खूण मात्र राजाराम बंधारा ही होय. पावसाळ्याच्या तोंडीं बंधाऱ्याचे बरगे काढून घेतात आणि नदी त्यावरून मोकळी वाहूं लागते. त्या दिवसांत तेथील पाणीपातळीच्या पट्टीकडे सबंध शहराचें लक्ष असतें. ३९ फूट झाले कीं इशारा, ४३ फूट झाले कीं धोका, हें येथील शाळकरी मूलहि बिनचूक सांगेल. २०१९ व २०२१ या दोन्ही सालीं पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखालीं जाऊन वाहतूक ठप्प झाली. त्या दिवसांत घरोघर फूट आणि इंच यांखेरीज दुसरें बोलणें नव्हतें. पाणी किती चढलें हें ऐकून कोणी धान्याचीं पोतीं माळ्यावर चढवी, कोणी गुरें उंचवट्यावर नेई. संकट मोठें खरें. परंतु तें सांगून येतें आणि त्यास माप आहे.

ज्या जमिनीवर ही पट्टी उभी आहे, त्या जमिनीच्या पोटांतहि असेंच कांहीं चढत-उतरत असतें. तेथें पट्टी कशी रोवावयाची, हा प्रश्न आमच्या घरांत एका भिंतीवरून उपस्थित झाला.

आमचें घर याच गांवांत, नदीपासून बेताच्या अंतरावर आहे. त्याची मागील भिंत आजोबांच्या वेळची, दगड-मातीची, दीड हात जाड. कुटुंब वाढलें, तेव्हां या भिंतीवर एक मजला चढवावा असा विचार निघाला. धाकट्या काकांचें म्हणणें, जी भिंत इतकीं वर्षें उभी आहे ती आणखी पन्नास वर्षें कां राहणार नाहीं? वडील काकांस खर्चाची चिंता. आत्याबाईंनीं मात्र दोघांचेंहि ऐकून घेऊन १९६७ सालची पहाट आठवून दिली.

“मी तेव्हां अठरा वर्षांची होतें,” त्या म्हणाल्या. “डिसेंबरची थंडी. साडेचार व्हायला आले होते. आधीं खिडक्यांच्या झडपा थडथडल्या, मग मांडणीवरचे पितळी डबे एकावर एक आदळूं लागले. बाबा अंगणांतून ओरडले, ‘भिंतीपासून दूर व्हा!’ भिंत पडली नाहीं. पण तिच्या पोटांतून माती गळत राहिली ती उजाडेपर्यंत. त्या भिंतीवर मजला चढवायचा ना? मग आधीं तिच्याखालीं काय आहे तें मला सांगा.”

या प्रश्नास घरांत कोणापाशींहि उत्तर नव्हतें. तो धक्का कोयनेचा होता, एवढें सर्वांस ठाऊक. कोयनानगर बावड्यापासून सरळ रेषेंत सुमारें नव्वद किलोमीटर. दिवाळीनंतरच्या एका रविवारीं आत्याबाईंसह आम्ही पांचजण, तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा डबा बरोबर घेऊन, त्या दिशेनें निघालों.

पुण्याकडे जाणारा महामार्ग किणीच्या पुढें वारणा ओलांडतो. कोल्हापूर व सांगली या दोन जिल्ह्यांची शीव ही नदी राखते. तिच्या उगमाकडे चांदोलीस वारणेचें धरण आहे. त्याची गोष्ट पुढें येईल. पाऊणशें किलोमीटरांवर कऱ्हाड लागतें. कऱ्हाडे म्हणविणाऱ्या घराण्यांचें हें मूळस्थान, म्हणून आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस त्याचा जिव्हाळा असेल. येथील प्रीतिसंगमावर कृष्णा व कोयना या नद्या समोरासमोर येऊन मिळतात आणि एकदम काटकोनांत वळून पूर्वेस जातात. यशवंतराव चव्हाणांची समाधि याच घाटावर आहे. कोयना येथें कृष्णेस मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपुरास मिळते आणि आमची पंचगंगा नरसोबाच्या वाडीस. बावड्याच्या बंधाऱ्यावरून गेलेलें पाणी व कोयनेचें पाणी दत्ताच्या पादुकांपाशीं एक होतें, हें आत्याबाईंनीं आम्हांस त्या घाटावर समजावून दिलें. भूगोल शिकविण्याची त्यांची ही पद्धत शाळेंतल्या नकाशाहून आम्हांस अधिक आवडते.

कऱ्हाडची आजची दुसरी ओळख पुष्कळांस ठाऊक नसते. केंद्र सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाची, खोल विवरें पाडून भूगर्भाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा याच गांवीं आहे. कोयना-वारणा खोऱ्यांत जमिनीला जीं विवरें पाडलीं गेलीं, त्यांचा कारभार येथून चालतो. विवर म्हणतांना वाचकांनीं आपल्या शेतांतील कूपनलिका डोळ्यांपुढें आणूं नये. प्रथम दीड किलोमीटर खोलीपर्यंतचीं नऊ विवरें या खोऱ्यांत निरनिराळ्या जागीं घेण्यांत आलीं. मग गोठणें या गांवीं डिसेंबर २०१६ मध्यें मोठ्या विवरास आरंभ झाला आणि जून २०१७ मध्यें तें तीन हजार मीटरांपर्यंत पोंचलें. कळसूबाईचें शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे. तें उलटें करून या विवरांत सोडलें तरी तळ गांठावयास पुष्कळ अंतर शिल्लक राहील.

इतकें खोल जाऊन काय दिसलें? आपला सह्याद्रि व त्याच्या पायथ्याचा सारा मुलूख काळवत्थराचा, म्हणजे बेसाल्ट दगडाचा आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे पूर एकावर एक थिजत गेले. डोंगरांच्या अंगावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या या थरांच्याच. हा दगड कोयनेखालीं किती जाड आहे याविषयीं पूर्वीं नुसते तर्क होते. रासाटी येथील विवरांत तो सुमारें ९३० मीटरांवर संपला, गोठण्यास सुमारें १२५० मीटरांवर. त्याखालीं एकदम ग्रॅनाइटच्या जातीचा, शेंकडों कोटी वर्षांचा जुना खडक लागला. दोहोंच्या मध्यें गाळाच्या खडकाचा थर असावा असा कांहींचा कयास होता. तसा थर कोठेंच आढळला नाहीं. भूकंपाचे धक्के बहुतेक याच जुन्या खडकांत, दहा किलोमीटरांच्या आंतील खोलीवर उगम पावतात. आत्याबाईंच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर तें हें: भिंतीखालीं काळा दगड, आणि त्याखालीं पांढुरका.

परंतु दगडाची जात कळली म्हणजे त्याची स्थिति कळली असें नव्हे. घरांतील माणूस कोण हें ठाऊक असलें तरी त्याच्या मनावर ओझें किती आहे हें जसें निराळें शोधावें लागतें, तसेंच खडकाचें आहे. खोल खडक सदैव दाबलेला असतो. त्यांतला एक दाब साधा, वरच्या दगडाच्या वजनाचा. एक किलोमीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरावर सुमारें पावणेतीनशें किलोंचा भार येतो. सात किलोमीटरांवर तोच एकोणीसशें किलोंच्या घरांत जातो. हा हिशेब शाळेंतील मुलगाहि करील. खरी अडचण आडव्या दाबाची आहे. भारताचा भूखंड वर्षाकांठीं चारपांच सेंटिमीटर, म्हणजे आपलीं नखें वाढतात साधारण त्या वेगानें, उत्तरेकडे सरकत आहे आणि हिमालयापाशीं त्याची वाट अडली आहे. मागून रेटा, पुढें अडसर; त्यामुळें मधला सगळा खडक आवळला जातो. हा आवळ सर्व दिशांनीं सारखा नसतो. एका दिशेनें अधिक, दुसरीनें कमी; आणि या कमी-अधिकांतूनच खडक फुटण्याची किंवा घसरण्याची पाळी येते. शास्त्रीय परिभाषेंत यास प्रतिबल म्हणतात. आम्ही घरगुती भाषेंत त्यास ताण म्हणूं.

एके काळीं समजूत अशी कीं आडवा दाब हा वरच्या वजनापेक्षां नेहमीं कमीच असणार. स्वीडनमधील निल्स हास्ट यांनीं १९५० च्या दशकांत तेथील खाणींत प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हां कित्येक ठिकाणीं आडवाच दाब अधिक भरला! आपल्याकडे २००१ मध्यें बंद झालेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींत तीन किलोमीटरांहून खोल गेलेल्या कामगारांस या दाबाची ओळख पुस्तकावांचूनच झाली होती. बोगद्याची भिंत बंदुकीसारखा आवाज करून अकस्मात् फुटे आणि दगड अंगावर येत. कोंडलेला ताण मोकळा होण्याचा तो प्रकार होय.

आतां हा ताण मोजावयाचा कसा? बंधाऱ्यावरील पट्टी पाण्यांत उभी राहते. खडकांत कांहींहि उभें करावयाचें म्हणजे त्यास आधीं भोंक पाडावें लागतें, आणि भोंक पाडलें कीं त्या जागचा ताणच बदलतो. या विषयांत जी युक्ति आहे ती सारी या अडचणींतून वाट काढण्याची आहे. किंबहुना अडचणीचेंच साधन करण्याची म्हटलें तरी चालेल.

पहिली युक्ति अशी. दाबलेला दगड मोकळा केला कीं किंचित् फुगतो. खडकांत बारीक भोंक पाडून त्यांत मापकयंत्र चिकटवावें. मग त्याभोंवतीं मोठ्या पोकळ गिरमिटानें कापून मधला गाभा सुटा करावा. गाभा किती व कोणत्या दिशेनें फुगला यावरून पूर्वीं त्यावर किती दाब होता हें काढतां येतें. अमेरिकेंत १९३० च्या दशकाच्या आरंभीं हूव्हर धरणाच्या बोगद्यांत दगडाच्या भिंती अशा रीतीनें मोकळ्या करून मापें घेतलीं गेलीं. या शास्त्राच्या पहिल्या प्रयोगांत त्यांची गणना होते. पुढें त्याच धरणामागील मीड सरोवर भरूं लागल्यावर आसपास हादरे सुरू झाले. योगायोग विलक्षण खरा!

परंतु गाभा सुटा करण्याची ही रीत फार खोल चालत नाहीं. किलोमीटर-दोन किलोमीटर खालीं दुसरा उपाय योजतात. विवराच्या एका लहानशा टप्प्याच्या वर व खालीं रबरी फुगे फुगवून तो भाग बंद करावयाचा आणि त्यांत पंपानें पाणी कोंडावयाचें. दाब वाढत वाढत जातो व एका क्षणीं खडकास चीर पडून तो एकदम उतरतो. पंप थांबविला कीं चीर मिटूं लागते. ज्या दाबास ती मिटते, तोच त्या जागचा सर्वांत कमी आडवा दाब. कारण चीर नेहमीं कमीत कमी विरोधाच्या अंगास उघडते, आणि म्हणून ती धांवते मात्र अधिक दाबाच्या दिशेनें. पाथरवट दगड फोडतांना त्याची शीर पाहून छिन्नी लावतो. येथें शीर कोणती हें दगड स्वतःच सांगतो, माणसानें फक्त पाणी पुरवावयाचें.

तिसरी रीत आम्हांस सर्वांत सुंदर वाटते, कारण तींत कांहींच करावें लागत नाहीं. विवर गोल पाडलें तरी खोलवर तें गोल राहत नाहीं. अधिक दाबाच्या दिशेशीं काटकोन करून असलेल्या दोन्ही बाजूंच्या कपच्या निखळतात व विवर लंबगोल होतें. विवराच्या भिंतींचें चित्र घेणारें यंत्र खालीं सोडलें कीं ही लांबी कोणत्या दिशेस आहे तें दिसतें आणि दाबाची दिशा हातीं लागते. जगभरच्या अशा हजारों नोंदी एकत्र करून ताणाचा नकाशा करण्याचें काम १९८६ मध्यें सुरू झालें. त्यांत असें आढळलें कीं शेंकडों कोसांच्या प्रदेशांत ही दिशा बहुधा एकच असते व ती पुष्कळदां भूखंडाच्या सरकण्याशीं जुळते. म्हणजे एखाद्या खेड्यांतील वीतभर रुंदीच्या विवरांत सबंध भूखंडाचा रेटा वाचतां येतो.

चौथी रीत भूकंपाचीच. धक्क्याची पहिली लहर कांहीं ठिकाणीं जमीन ढकलते, कांहीं ठिकाणीं ओढते. निरनिराळ्या गांवच्या यंत्रांवर ढकल कोठें व ओढ कोठें उमटली हें मांडलें कीं उगमाभोंवतीं त्यांच्या चार पाकळ्या पडतात. त्यांवरून जमिनीखालील भेग कोणत्या दिशेनें आहे आणि तिच्या बाजू कशा सरकल्या याचा उलगडा होतो. अशा भेगेस विभंग म्हणतात. १९६७ चा विभंग उत्तर-ईशान्येकडून दक्षिण-नैर्ऋत्येकडे जाणारा ठरला. त्याच्या एका कांठावर उभें राहून पाहिलें असतां समोरचा कांठ डावीकडे सरकला होता. दोनाचीवाडीच्या परिसरांत जमिनीवरहि त्याच्या भेगा उमटल्या होत्या.

हें सारें मनांत घोळवीत आम्ही पाटणचा रस्ता धरला. डावी-उजवीकडे डोंगर जवळ येत जातात, भाताचीं खाचरें लहान होत जातात, आणि कोयनानगर येतांच नेहरू उद्यानाच्या उंचवट्यावरून धरण एकदम समोर उभें राहतें. उंची १०३ मीटर, लांबी आठशें मीटरांहून अधिक. मागें पसरलेल्या शिवसागराचें पाणी पश्चिमेस वळवून, सह्याद्रीच्या पोटांतून पोफळीकडे कोंकणांत पाडतात व वीज काढतात. त्या शांत निळ्या पाण्याकडे पाहून पुऱ्यांचा डबा उघडावा हें खरें. पण आत्याबाईंनीं तो बराच वेळ उघडूं दिला नाहीं. त्या धरणाच्या मधल्या भागापासून कांठापर्यंत एकेक टप्पा निरखीत होत्या.

जलाशय १९६२ मध्यें भरूं लागला. तोंवर हा मुलूख भूकंपाच्या दृष्टीनें निर्धोक समजला जाई. पाणी चढलें आणि खोऱ्यांत बारीक हादरे व गुरगुर ऐकूं येऊं लागली. १३ सप्टेंबर १९६७ रोजीं चांगलाच धक्का बसला. आणि ११ डिसेंबरच्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनीं ६·३ प्रतीचा भूकंप झाला. कोयनानगरांतील दगडी घरें बहुतेक कोसळलीं. मेलेल्यांची संख्या पावणेदोनशें ते दोनशें धरतात. विजेचा पुरवठा तुटून मुंबई अंधारांत गेली. धरणांतील यंत्रावर हादऱ्याचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सहा दशांशांहून अधिक नोंदला गेला. आराखड्यांत मात्र त्याच्या अवघा एक-विसांश धरलेला होता. तरीहि धरण उभें राहिलें. वरच्या भागास आडव्या भेगा पडल्या, त्या दुरुस्त करून पाठीमागून जाड आधार बांधण्यांत आले. आत्याबाई निरखीत होत्या ते हेच आधार.

या अपघातानंतर घरोघर जो वाद झाला तो आमच्या पिढीनें लहानपणीं ऐकलेला आहे. एक पक्ष म्हणे, धरणानेंच भूकंप आणला. दुसरा म्हणे, पाण्यानें काय पृथ्वी हालते? दोन्ही पक्षांनीं हिशेब न करतां भांडण केलें, असें आमचें नम्र मत आहे. धरणालगत पाणी ऐंशी मीटर खोल धरलें तरी त्याचा भार दर चौरस सेंटिमीटरास आठ किलो. खालच्या खडकावर मुळांतच हजार-पंधराशें किलो आहेत. त्यांत हे आठ म्हणजे भरल्या गाडींत टाकलेली एक पेंढी. तेव्हां भूकंपाचें बळ पाण्यानें दिलेलें नाहीं. तें भूखंडाच्या रेट्यानें हजारों वर्षें सांठत आलेलें होतें. परंतु जो विभंग आधींच घसरण्याच्या बेतास आला आहे त्यास ही पेंढीहि पुरते. शिवाय पाणी नुसतें वर बसून राहत नाहीं. तें चिरांतून खालीं झिरपतें, विभंगाच्या दोन्ही कांठांमधील फटींत त्याचा दाब पोंचतो आणि कांठांची एकमेकांवरील पकड ढिली होते. ओल्या ओट्यावर कढत आमटीची वाटी ठेवली असतां ती कधीं कधीं आपोआप सरकत जाते, हें प्रत्येक गृहिणीनें पाहिलें असेल. बुडाखालीं कोंडलेली हवा तापून वाटीस किंचित् उचलून धरते. वाटीचें वजन तेंच, पण पकड गेली. विभंगाच्या बाबतींत हवेचें काम पाणी करतें.

हा तर्क पारखून घेण्याची संधि अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत मिळाली. रेंजली येथील तेलाच्या क्षेत्रांत १९६९ पासून १९७३ पर्यंत विवरांतून पाणी कधीं आंत कोंडलें, कधीं उपसून काढलें. खडकांतील पाण्याचा दाब ठराविक मर्यादेवर गेला कीं बारीक भूकंप होत. खालीं आणला कीं थांबत. ती मर्यादा किती असावी हें खडकांतील ताण मोजून काढतां आलें होतें, आणि तें गणित जुळलें.

कोयनेंत असा प्रयोग निसर्ग दरवर्षीं करतो. पावसाळ्यांत जलाशय भरतो, त्यानंतरच्या महिन्यांत हादरे वाढतात. डॉ. हर्ष गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वर्षानुवर्षांच्या नोंदी ताडून दाखविलें कीं पांच प्रतीच्या मोठ्या धक्क्यांपूर्वीं जलाशयाची पातळी एखाद्या आठवड्यांत बारा मीटर किंवा त्याहून अधिक चढलेली असे. अर्थात् तितकी चढली म्हणजे धक्का बसेलच असें नाहीं. १९८५ पासून चांदोलीस वारणेचा जलाशय भरूं लागला, तेव्हां हादऱ्यांचें क्षेत्र दक्षिणेकडे, म्हणजे आमच्या बाजूस, पसरलें. १९९३-९४ मध्यें तेथें पांच प्रतीचे धक्के बसले. १९६७ पासून पांच प्रतीचे वीसहून अधिक भूकंप या खोऱ्यांत झाले, आणि ते सारे वीस किलोमीटर रुंद व तीस किलोमीटर लांब अशा एका तुकड्यांत. जगांतील भूकंपशास्त्रज्ञ येथें कां येतात याचें कारण हेंच. भूकंप कोठें होणार हें येथें ठाऊक आहे. तेव्हां त्याच्या उगमापाशीं भोंक पाडून आधीं, मध्यें व नंतर काय घडतें तें पाहण्याची सोय इतरत्र क्वचितच मिळते. गोठण्याचें विवर ही त्याची पहिली पायरी आहे. याहून खोल, हादऱ्यांच्या उगमापर्यंत उतरण्याचा संकल्प आहे.

आमच्याबरोबरच्या मुलानें मग तो प्रश्न विचारलाच, “पुढचा मोठा कधीं?” तो नुकताच अकरावींत शास्त्रशाखेंत गेला आहे आणि उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें असतें असें त्यास वाटतें. ताणाची दिशा कळते, दाबाचा आंकडा निघतो, कोणता विभंग घसरण्यास अनुकूल आहे हेंहि सांगतां येतें. परंतु त्या विभंगाची पकड प्रत्येक कोपऱ्यांत किती आहे, तें वरून कळत नाहीं. म्हणून ३९ फुटांस इशारा व ४३ फुटांस धोका अशी रेघ येथें कोणास मारतां आलेली नाहीं. किल्लारीस तर रेघ मारावी असेंहि कोणाच्या मनांत नव्हतें. तेथें ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जवळजवळ दहा हजार माणसें मेलीं, तीं बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंतींखालीं व धाब्यांखालीं.

हें नांव निघतांच धाकटे काका गप्प झाले. परतीच्या वाटेवर पाटणच्या अलीकडे एका खेड्यांत चहास थांबलों होतों, तेथें त्यांनीं आपण होऊन दोन घरांच्या भिंती पाहून घेतल्या. एक जुनी: बाहेरून मोठे दगड, आंतून मोठे दगड, मध्यें चिपा व माती भरलेली. दुसरी नवी: दर दोन-अडीच फुटांवर भिंतीच्या दोन्ही अंगांस धरणारे लांब दगड, आणि दाराच्या उंचीवर चारी भिंतींवरून फिरविलेला सलोह काँक्रीटचा पट्टा. हादऱ्यांत जुन्या भिंतीचीं दोन अंगें एकमेकांपासून सुटतात व बाहेर फुगून पडतात; १९६७ मध्यें आमच्या भिंतींतून जी माती गळली, ती याच आरंभाची होती. २००२ च्या भारतीय मानकांत कोयनेचा परिसर चौथ्या व कोल्हापूर तिसऱ्या भूकंपपट्ट्यांत घातलेला आहे, हेंहि वडील काकांनीं त्या वेळीं सांगितलें.

कऱ्हाडचा पूल ओलांडेपर्यंत बेत ठरला. मजला रद्द. मागील भिंत कंबरेपर्यंत उतरवून पुन्हां सिमेंटच्या चुन्यांत, लांब दगड घालून बांधावयाची. दाराच्या उंचीवर एक व वर छपराखालीं एक असे दोन पट्टे चारी बाजूंनीं फिरवावयाचे. वर हलकें छप्पर. लागणारी जागा पुढल्या अंगणांतून काढावयाची, म्हणजे धाकट्या काकांच्या मोटारीस छाया उरणार नाहीं. त्यांनीं तें मान्य केलें. आत्याबाईंनीं आणखी एक कलम घातलें: मांडणीवरचे पितळी डबे उद्यांच्या उद्यां खालच्या फळीवर उतरवावयाचे. पुऱ्या शेवटीं वारणेच्या पुलापाशीं खाल्ल्या.